इंटररेल आणि युरेल: मैत्रिणीसोबत दोन महिने वापरलेले दोन पास

इंटररेल आणि युरेल म्हणजे एकाच पासवर युरोपातल्या अनेक देशांत रेल्वेने फिरायची सोय. निकाल आधी सांगते, म्हणजे घाईतल्यांची सोय होईल. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी असं फिरायचं असेल आणि बेत ऐनवेळी बदलायची खोड असेल, तर पास घ्या. फ्रान्स, स्पेन आणि इटलीतल्या वेगवान गाड्याच डोळ्यांसमोर असतील, तर घेऊ नका.

मी म्युनिकला राहते. मैत्रीण उन्हाळ्यात पुण्याहून आली आणि शनिवार-रविवारला रजा जोडून आम्ही हिंडत राहिलो. पास दोघींचा सारखाच: दोन महिन्यांत प्रवासाचे कुठलेही १० दिवस, दुसरा वर्ग, किंमत साडेचारशे युरोंच्या घरात. फक्त माझा इंटररेल आणि तिचा युरेल. युरोपात राहणाऱ्यांना इंटररेल, बाहेरून येणाऱ्यांना युरेल. पासपोर्ट भारतीय असला तरी इथला रहिवासाचा परवाना असेल तर इंटररेलच.

फरक नावापुरता वाटतो, पण तो चांगलाच नडतो. युरेलवाली जर्मनीत हवी तेवढी फिरते. इंटररेलवर मात्र राहत्या देशातून बाहेर पडायला एक दिवस आणि परत यायला एक दिवस, बस्स. प्रागहून बर्लिनला जाताना ती युरोसिटीत आरामात बसून राहिली; मला परतीचा दिवस वाचवायचा होता, म्हणून मी सीमेअलीकडच्या डेचीनला उतरले आणि पुढे डॉइचलांडटिकेटवर, म्हणजे जर्मनीतल्या साध्या गाड्यांच्या मासिक पासवर, पॅसेंजर गाड्या बदलत बदलत पोचले. तोवर बाईसाहेबांचं बर्लिनमध्ये जेवण उरकलं होतं. या मार्गावर प्रागहून निघताना उजवीकडची खिडकी पकडा. एल्बे नदी आणि तिच्या काठचे वालुकाश्माचे कडे त्या बाजूला आहेत.

पास मोबाइलमध्येच असतो. रेल प्लॅनर ॲपमध्ये गाडी निवडायची, ती पासला जोडायची, आणि तपासनीस आला की क्यूआर कोड दाखवायचा. गाडीत चढण्याआधीच जोडायची, हे मैत्रिणीला रोज सांगावं लागलं. पासपोर्टही जवळ ठेवा, मागतात.

आता आरक्षण. पासची सगळी गोम इथेच आहे. जर्मनीच्या वेगवान आयसीई, ऑस्ट्रियातल्या रेलजेट, स्वित्झर्लंडच्या साध्या गाड्या यांत आरक्षण सक्तीचं नाही. फलाटावर जायचं, रिकामी जागा दिसली की बसायचं. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. पण फ्रान्सची टीजीव्ही, लंडन-पॅरिस युरोस्टार, इटलीची फ्रेचारोस्सा या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. इटलीत दहा-पंधरा युरो, युरोस्टारला तिसाच्या पुढे, आणि युरोस्टार-टीजीव्हीत पासधारकांचा कोटाही मर्यादित. एवढं करून जर आधीच गाडी ठरवून टाकायची, तर पासमध्ये राहिलं काय?

नुसता पैशाचा हिशेब मांडला तर पास जेमतेम सुटतो. दिवसाला ४५ युरो पडतात, आणि तीन महिने आधी काढलेलं म्युनिक–व्हिएन्ना त्याहून स्वस्तात मिळू शकतं. मात्र ते तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. आमचीही एक जोडगाडी चुकली. पासवाल्यांना काय, पुढची पकडली.

सगळ्यात जास्त वसूल झाला तो स्वित्झर्लंडमध्ये. बर्निना एक्सप्रेसच्या काचेच्या डब्यांसाठी वेगळा अधिभार आणि आरक्षण लागतं; आम्ही त्याच रुळांवरची साधी लाल लोकल घेतली, जी पासवर चालते. सेंट मॉरिट्झहून निघून २२५३ मीटरवरच्या ओस्पिझ्यो बर्निनापर्यंत चढायचं आणि मग इटलीतल्या तिरानोपर्यंत, म्हणजे ४२९ मीटरपर्यंत, उतरायचं. दातेरी रूळ कुठेच नाहीत. बोरघाटात चढ ३७ला १ आहे आणि तिथे मागून इंजिनं लावावी लागतात. इथे साधारण १४ला १ चढ गाडी नुसत्या चाकांच्या पकडीवर काढते. ब्रुझिओला तर ती कमानींच्या पुलावरून गोल फिरून स्वतःच्याच मार्गाखालून निघते. काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे फोटोत काचेचं प्रतिबिंब येत नाही. महागड्या डब्यात हे सुख नाही.

झ्युरिकहून व्हिएन्नाला नाइटजेटने गेलो. रात्रीची गाडी मध्यरात्रीआधी सुटली आणि वाटेत बदलायची नसली, तर प्रवासाचा एकच दिवस खर्ची पडतो. बर्थचे पैसे वेगळे. सहा बर्थच्या कूपेचं दार आतून बंद होतं, बायकांसाठी वेगळा कूपे मागता येतो, सकाळी पाव-जॅम आणि कॉफी. झोप लागली म्हणणार नाही. वरच्या बर्थवर उठून बसता येत नाही. एक लक्षात ठेवा: अशा गाड्या वाटेत तुटतात आणि डबे वेगवेगळ्या गावांना जातात. डब्यावरची पाटी वाचूनच चढा.

खाण्याचं म्हणाल तर चेक गाड्यांची डायनिंग कार. गरम, ताटात वाढलेलं जेवण, भाव बरे. मैत्रीण शाकाहारी, तिला तळलेलं चीज आणि बटाटे एवढे मानवले की पुढचे बेत गाडीच्या वेळेपेक्षा डायनिंग कार बघून ठरायला लागले. स्वच्छतागृह गाडीतच उरकून घ्या, स्टेशनवर बहुतेक ठिकाणी पैसे पडतात.

पास घेतल्यापासून ११ महिन्यांत सुरू करता येतो, म्हणून सवलत लागली की घेऊन ठेवावा. २७ वर्षांपर्यंतच्यांना २५ टक्के सूट, साठीच्या पुढे १० टक्के. पुढच्या वर्षी आई-बाबा येतायत, त्यांच्यासाठी याच पासचा विचार चालू आहे. आईने फोनवर एकच विचारलं, स्टेशनवर हमाल मिळतो का गं? नाही मिळत. लिफ्ट असते, आणि ती हमखास आपल्याच फलाटाची बंद असते.