बडोद्याच्या पुरात कॅमेरा: आधी ड्रायबॅग, मग रेनकव्हर

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यात बातमीचे फोटो काढणारी मंडळी रेनकव्हर बघायला निघतात. घ्यावं, वाईट काही नाही. पण खिशात पैसे मोजके असतील तर आधी २० लिटरची रोलटॉप ड्रायबॅग (तोंड गुंडाळून बंद करायची, पाणी न शिरणारी पिशवी) घ्यावी आणि उरलेल्यात बसेल ते रेनकव्हर. दुकानदार बहुतेक उलटं सांगेल. रेनकव्हर घातलेला कॅमेरा काउंटरवर ऐटदार दिसतो. ड्रायबॅग बिचारी दिसायला नुसती ताडपत्रीची पिशवी.

हा क्रम आपल्या नदीने ठरवलेला आहे. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि वाटेत आजवा तलावाचं पाणी तिला मिळतं. त्या तलावाला ६२ दरवाजे आहेत. शहरात पाऊस उघडला तरी वरचं पाणी उतरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कारेलीबाग, समा, फतेहगंज, अकोटा या भागांत पातळी चढत राहते. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर कोसळला, तो वरून आलेला मार. ऑगस्ट २०२४मध्ये मात्र धोक्याची पातळी २६ फूट असताना नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि पाऊस ओसरल्यावरही सोसायट्या पाण्यात होत्या. म्हणजे रेनकव्हरचं खरं काम पहिल्या दिवसाचं. पुढचे दोन-तीन दिवस पाणी खालून येतं, होडीच्या कडेवरून येतं, ट्रॅक्टरच्या चाकातून उडतं, आणि तेच दिवस जास्त फोटो मागतात.

नायलॉनचं रेनकव्हर साधारण हजार ते अडीच हजारांत मिळतं. मागे पारदर्शक खिडकी, दोन्ही बाजूंना हात घालायच्या बाह्या, पुढे लेन्सच्या हूडवर (टोकाच्या कड्यावर) आवळायची नाडी. संततधारेत ७०-२०० (लांबचं जवळ आणणारी) लेन्स लावून उभं राहायचं असेल तर हे चांगलं काम देतं, अट एकच: नाडी हूडच्या काठाच्या बोटभर मागे आवळायची. अगदी काठावर आवळली तर वाऱ्याने कापड पुढे सरकतं आणि फोटोच्या कोपऱ्यात काळी सावली येते, जी कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसत नाही, ऑफिसात डेस्कवर दिसते. व्ह्यूफाइंडरसाठी (डोळा लावून बघायच्या भागासाठी) भोक असलेलं कव्हर घ्यावं. कॅमेऱ्याचा आयकप (डोळ्याजवळचं रबर) काढून तो भोकातून बाहेरून परत बसवायचा. भोक नसेल तर डोळा प्लास्टिकच्या खिडकीला लावावा लागतो आणि ती श्वासाच्या वाफेने दहा मिनिटांत धुरकट होते.

कव्हरची खरी खोड खालच्या काठाला आहे. तिथे इलॅस्टिक असतं आणि तळ उघडा असतो. पावसात काही बिघडत नाही. पण पाण्याच्या पातळीजवळून फोटो घ्यायला कॅमेरा खाली नेला, एक लाट आली, की इलॅस्टिकची चुण्या पडलेली कड पेल्यासारखी भरते. अर्धा पेला गढूळ पाणी त्या घोळात बसतं आणि दिसत नाही. मग कॅमेरा वर उचलून उभा फोटो घ्यायला वळवला की ते सगळं बॅटरीच्या झाकणाकडे धावतं. महागड्या बॉडीला (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला) रबरी सील असतं हे खरं. ते शिंतोड्यांसाठी, साचलेल्या पाण्यासाठी नव्हे. यावर उपाय साधा आहे. होडीत चढण्याआधी खालची कड दोन चिमट्यांनी मागे मोकळी धरून ठेवायची, म्हणजे पाणी साचणार नाही.

दुसरी गळती पट्ट्याच्या खाचेतून. कॅमेऱ्याचा पट्टा बाहेर काढायला वेलक्रोची फट असते आणि ओला पट्टा वातीसारखं पाणी आत ओढतो. पट्टा आतच ठेवून ड्रायबॅगची दोरी गळ्यात घालणं बरं.

शंभर-दोनशे रुपयांत जोडीने मिळणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या बाह्या वाईट नाहीत. एका असाइनमेंटपुरत्या चालतात, झूम रिंग त्यांच्यावरून चांगली फिरते. बाभळीच्या फांदीला अडकल्या की संपल्या. बॅगेत दोन असू द्याव्यात.

आता ड्रायबॅग. २० लिटरची पीव्हीसी ताडपत्रीची बॅग हजाराच्या आतबाहेर मिळते. आत एक बॉडी, ७०-२०० आणि २४-७० लेन्स, दोन बॅटऱ्या, कार्डांची डबी आणि एक पंचा एवढं मावतं. १० लिटरच्या बॅगेत लेन्स लावलेला कॅमेरा कोंबावा लागतो आणि तोंड गुंडाळायला कापड उरत नाही. ३० लिटरची होडीत गुडघ्यावर मावत नाही.

घेताना शिवण बघायची. सांधा वितळवून जोडलेला हवा. सुईच्या टाक्यांचा असेल तर आतून टेप असली तरी नको, कारण घड्या पडून टेप वर्षभरात सुटते. पट्ट्याची कडी बॅगेच्या भिंतीला भोक पाडून बसवलेली असेल तर तिथून गळणार. ती वेगळ्या तुकड्यावर चिकटवलेली असावी. घरी आणल्यावर आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा, तोंड गुंडाळायचं आणि बादलीत पाच मिनिटं दाबून धरायची. कागदाचा कोपरा दमट लागला तर बॅग परत. ही तपासणी दर जूनमध्ये करावी.

तोंड बंद करायची रीत नीट न पाळल्याने जितके कॅमेरे भिजतात तितके बॅग फाटून भिजत नसतील. काठावरची जाड पट्टी आधी बोटाने पुसायची. रेतीचा एक कण घडीत राहिला तर तिथे केशवाहिनीसारखी फट तयार होते. मग काठ सपाट जोडून किमान तीन, शक्यतो चार वेढे, सगळे एकाच दिशेने. दोन वेढ्यांवर बकल लावलं तर पावसाला पुरे, बुडाली तर नाही. आणि सगळी हवा दाबून काढायची नाही. बॅगेत निम्मी हवा राहिली की पाच किलो सामानासह ती पाण्यावर तरंगते आणि होडीतून पडली तरी हाताला लागते. हवा काढून चपटी केलेली बॅग थेट तळाला.

गैरसोय आहेच. कॅमेरा बाहेर काढून पहिला फोटो घ्यायला पंधरा-वीस सेकंद जातात. तेवढ्यात छतावरून उतरवलेली आजी होडीत बसूनही जाते. म्हणून होडी चालू असताना कॅमेरा बॅगेत, आणि घरापाशी पोचायच्या थोडं आधी, अजून पन्नास-साठ फूट असताना बाहेर काढायचा. एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, होडीत जागा मिळाली तर (त्यांची ६वी बटालियन इथे जवळच जरोदला आहे) आधी विचारून मधल्या भागात बसावं. पुढच्या टोकाला फोटो चांगला मिळतो, पण शिंतोडे सगळे तिथेच आणि जवानांची दोरीही तिथेच.

सर्रास होणारी चूक: ओल्या रेनकव्हरसकट कॅमेरा ड्रायबॅगेत टाकणे. बॅग उन्हात तापते, आतलं पाणी वाफ होतं, आणि तासाभरात लेन्सच्या आत धुकं. ज्या बॅगेत बाहेरचं पाणी येत नाही तिच्यातून आतलंही जात नाही. कव्हर काढून वेगळ्या पिशवीत, कॅमेरा पंचाने टिपून, मग बॅगेत. सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या सोबत. तसंच एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर दव धरतं. बॅग बंदच ठेवून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्यावी.

पाण्यात बसून लो अँगल, म्हणजे पाण्यालगतचा फोटो, घ्यायची हौस नदीकाठच्या सोसायट्यांत करू नये. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या गल्लीत येतात हे बडोदेकराला सांगायला नको, पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की विसर पडतो. ओट्यावर उभं राहून मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) उलटा धरून, स्क्रीन वळवून तोच फोटो निघतो. पायात गमबूट नकोत, गुडघ्यावर पाणी गेलं की ते भरतात आणि जड होतात. नाडीचे घोट्यावरचे बूट आणि हातात काठी. उघड्या गटाराचं तोंड काठीलाच आधी कळतं.

फोटो पाठवण्याची सोयही बॅगेतच करावी लागते. वीज गेलेली असते, त्यामुळे २०,००० एमएएचची पॉवरबँक हवीच. फोनचं टाइप-सी तोंड दमट झालं की बरेच फोन चार्जिंग आणि कार्डरीडर दोन्ही नाकारतात, म्हणून वायरलेस चार्जिंगची पॉवरबँक घ्यावी आणि फोटो कॅमेऱ्याच्या वाय-फायने फोनवर घ्यावेत. लांब बाजू ३,००० पिक्सेल पुरते. वर्तमानपत्राच्या पानाची पूर्ण रुंदी सुमारे ३३ सेंटिमीटर धरली तर २०० डीपीआयला (इंचाला २०० ठिपके) २,६०० पिक्सेल लागतात. नेटवर्क अडखळत असताना २० एमबीची फाइल ढकलत बसण्यात अर्थ नाही. कॅप्शन मात्र जागेवरच लिहावी: कुठली सोसायटी, किती वाजता, पाणी किती. परतल्यावर सगळे पाण्यातले रस्ते सारखेच दिसतात.

कॅमेरा बुडालाच तर लगेच बॅटरी काढायची, कार्ड काढायचं आणि 'चालतो का' हे बघायला परत चालू करायचा नाही. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट पीठ आत जातं. हेअर ड्रायरही नको, गरम हवेने चिखल बटणांत वाळून बसतो. पंचात गुंडाळून त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं, गंज लगेच धरतो.

काम झाल्यावर बॅग आणि कव्हर साध्या पाण्याने धुऊन, उलटं करून सावलीत टांगायचं. कॅमेऱ्यावरचा गाळ आधी फुंकणीने उडवायचा, मग ओलसर कापड. कोरडं कापड सरळ घासलं की रेती काचेवर ओरखडे काढते. नंतर दोन-तीन दिवस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत. सायडरिलीज बकल (दोन्ही बाजूंनी दाबून सुटणारं) एक जादा घेऊन ठेवावं. बॅगेत पहिलं तुटतं ते तेच, आणि पुराच्या आठवड्यात ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.