बाहेरच्या भिंतीवरचं म्युरल, वर्षभरानंतर: थर शाबूत, लाल-पिवळा मात्र उडाला

दुकानाच्या पश्चिमेकडच्या भिंतीवरची हिरवी पानं आता निळसर दिसतात. नारिंगी पिवळट-गुलाबी झालाय आणि चेहऱ्यांवरची लाली जवळपास संपली आहे. निळा, काळा, विटकरी आणि मातकट पिवळा मात्र पहिल्या दिवशी होते तसेच आहेत. मधे भिंतीवरची दुकानाची पाटी बदलायला खाली उतरवली, तर तिच्यामागे मूळ नारिंगी जसाच्या तसा होता. तोच डबा, तीच भिंत, रंगाचे तेवढेच हात (थर). फरक फक्त उन्हाचा.

साहित्य नेहमीचंच होतं: अल्कली-रोधक (सिमेंटचा क्षार अडवणारा) अ‍ॅक्रिलिक प्रायमर, त्यावर मशीनवर टिंट केलेलं, म्हणजे हवी ती शेड मिसळून दिलेलं, शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक एक्स्टिरियर इमल्शन आणि शेवटी पाण्यावर चालणारा मॅट (बिनचमकीचा) क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर. या तिघांच्या डब्यांवर काय लिहिलेलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा उतरवत नाही. जे लिहिलेलं नसतं त्याबद्दल बोलायचं आहे. डब्यात पिगमेंट, म्हणजे रंग देणारी भुकटी, कोणतं आहे, ही एक ओळ छापायला कंपनीला काहीच खर्च नाही. ती नसल्यामुळे चित्र काढणाऱ्याची मेहनत आणि दुकानदाराचे पैसे दोन्ही उन्हात जातात.

आधी चांगलं सांगतो. थर म्हणून हे इमल्शन उत्तम आहे. पोपडा नाही, फुगा नाही, काळं फडकं घासलं तर पांढरी भुकटीही येत नाही. चिकटपट्टी दाबून लावून झटक्यात ओढली तरी रंग सुटत नाही. केसाएवढ्या भेगांवरही थर तुटलेला नाही. घराच्या भिंतीला एकच फिकट रंग द्यायचा असता, तर मी डोळे झाकून हाच डबा घ्यायला सांगितलं असतं.

म्युरलची गरज वेगळी असते. इथे भडक लाल, लिंबू पिवळा, नारिंगी, पोपटी हवे असतात आणि नेमके तेच रंग स्वस्त सेंद्रिय (म्हणजे कार्बनी, कृत्रिम) पिगमेंटमधून बनवले जातात. प्रत्येक पिगमेंटला आंतरराष्ट्रीय कलर इंडेक्सचा क्रमांक असतो आणि चित्रकारांसाठीच्या रंगांच्या बहुतेक ट्यूबवर तो छापलेला असतो. पीवाय (पिगमेंट यलो) ३ आणि पीवाय ७४ हे स्वस्त पिवळे. पीआर (पिगमेंट रेड) ३ आणि पीआर ११२ हे स्वस्त लाल. निव्वळ स्वरूपात, जाड थरात ते काही काळ तग धरतात. पांढऱ्यात मिसळून फिकट केले की बाहेरच्या उन्हात झपाट्याने उडतात. कारण साधं आहे. फिकट छटेत पिगमेंटचे कण मुळात थोडे असतात आणि टायटॅनियम पांढरा प्रकाश इकडेतिकडे परतवत राहतो, त्यामुळे प्रत्येक कणावर जास्त मारा होतो. वरचे कण मेले तर त्यांची जागा घ्यायला खाली फारसं काही उरत नाही.

पानं निळी होण्याचं कारणही हेच. पोपटी हा सहसा एकाच पिगमेंटचा रंग नसतो. त्यात फ्थॅलो निळा किंवा फ्थॅलो हिरवा आणि सेंद्रिय पिवळा असतो. फ्थॅलो (फ्थॅलोसायनिन या कुळातले पीबी १५:३, पीजी ७) दमदार आहेत, उन्हाला दाद देत नाहीत. पिवळा निघून जातो आणि मागे निळसर सांगाडा राहतो. त्वचेच्या रंगात लाल उडतो आणि चेहरे आजारी, राखाडी दिसायला लागतात. चित्र एकसारखं फिकट झालं असतं तर सहन झालं असतं. पण एक रंग जातो आणि शेजारचा राहतो, त्याने सगळा तोल बिघडतो.

टिकणारे पर्याय आहेत आणि ते दुर्मिळ नाहीत. लालसाठी पीआर २५४, जो मोटारींच्या रंगातही वापरतात. नारिंगीसाठी पीओ ७३. गुलाबी-जांभळटसाठी क्विनॅक्रिडोन, म्हणजे पीव्ही १९ किंवा पीआर १२२; हे पारदर्शक असल्याने एखादा हात जास्त लागतो. पिवळ्यासाठी पीवाय १८४, बिस्मथ व्हॅनेडेट, झाकणशक्ती चांगली. पीवाय १५४ सुद्धा चांगला, पण जरा पारदर्शक. गेरू, हिरमुजी, पिवडी हे तर लोहाचे ऑक्साइड, म्हणजे पीआर १०१ आणि पीवाय ४२, यांना उन्हाचं भय नाही. कमी पैशांत टिकाऊ चित्र हवं असेल तर आराखडाच या मातकट रंगांभोवती बांधावा आणि महाग लाल-पिवळा फक्त नजर खेचायची तिथे वापरावा. दुकानाच्या चित्रात असे भडक भाग बहुधा एकूण क्षेत्राच्या दहाव्या हिश्शाएवढेही नसतात, त्यामुळे खर्च वाटतो तितका वाढत नाही.

आता कंपनीकडे केलेल्या तक्रारीबद्दल. पाहणीला आलेल्या तिच्या प्रतिनिधीने आधी भिंतीत ओल आहे का ते तपासलं. ओल नव्हती. मग क्लिअर कोट नीट लावला नसेल असं सांगितलं. पाटीमागच्या नारिंगीवरही तोच क्लिअर कोट होता, हे दाखवल्यावर वॉरंटीचा कागद पुढे आला. त्यात पोपडे, फुगे आणि बुरशी येते. रंग उडणं ‘नैसर्गिक झीज’ म्हणून वगळलेलं आहे. पिगमेंटची यादी मागितली तर ती गोपनीय. सुरक्षा-माहितीपत्रक पाठवलं, पण त्या कागदात फक्त धोकादायक घटक लिहिणं बंधनकारक असतं आणि बहुतेक रंगद्रव्यं त्यात मोडत नाहीत. तेव्हा तो कागद या कामाला निरुपयोगी. वॉरंटीवरचे वर्षांचे आकडे वाचताना ते थराबद्दल आहेत की छटेबद्दल, एवढं आधी विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा.

एक गोष्ट मात्र हातात असते: टिंटिंग मशीनमधून निघणारं स्टिकर. त्यावर कोणत्या कलरंटचे (मशीनमधल्या दाट रंगांचे) किती माप पडले ते संक्षिप्त अक्षरांत असतं. पुष्कळ मशीनमध्ये पिवळे दोन असतात, एक ऑक्साइडचा आणि एक सेंद्रिय, लालही तसेच. अक्षरांचा अर्थ काउंटरवरच विचारावा आणि शेडच्या सूत्रात सेंद्रिय पिवळा असेल तर त्याऐवजी ऑक्साइडवाली जवळची शेड मागावी. थोडी मंद मिळेल, पण राहील. शेड कार्डावर ‘फक्त आतील भिंतींसाठी’ अशी खूण काही छटांपुढे असते, तीही बघावी. स्टिकरचा फोटो काढून ठेवावा, कारण डब्यावरचं स्टिकर पहिल्या ओघळाखालीच पुसतं.

शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. सिमेंट शीटच्या तुकड्यावर प्रायमर लावून प्रत्येक रंगाचे दोन पट्टे ओढा: एक निव्वळ, दुसरा एक भाग रंग आणि दहा भाग पांढरा. अर्धी बाजू अ‍ॅल्युमिनियम फॉइलने घट्ट झाका आणि तुकडा पश्चिमेच्या उन्हात तिरपा टेकवून ठेवा. दोन-तीन कडक उन्हाचे महिने पुरतात. फॉइल काढल्यावर मधे रेघ दिसली तर तो रंग बाहेर वापरू नये. मोठं काम घेणाऱ्याने असा तुकडा कायम उन्हात ठेवलेला असावा.

क्लिअर कोटबद्दलचं मत मधे दोनदा बदललं, ते क्रमाने सांगतो. लावल्यावर फार आवडला होता: चमक नाही, रंग खोल दिसतात, धूळ ओल्या फडक्याने निघते. सलग पाऊस झाल्यावर काळ्या आणि गडद निळ्या भागांवर दुधी सावट आलं आणि तेव्हा हा माल वाईट असं ठाम वाटलं. पण दोन-तीन कोरडे दिवस मिळताच ते आपोआप गेलं. पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक थर पाणी शोषतो, तेवढा वेळ पांढुरका दिसतो आणि वाळला की पुन्हा पारदर्शक होतो. त्यामुळे तो दोष मी मागे घेतला. जे सावट वाळूनही जात नाही त्याची कारणं वेगळी: जाड हात, दमट संध्याकाळी केलेलं काम किंवा तळाशी बसलेली मॅट पावडर न ढवळता वापरलेला डबा.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. गडद टिंट असलेला रंग वाळल्यावर क्लिअर कोट देण्याआधी निदान ७ दिवस, शक्यतो १४ दिवस थांबावं. गडद शेडमध्ये कलरंट जास्त पडतात आणि त्यांच्यातलं ग्लायकॉल (संथपणे उडणारा द्रव) सावकाश निघतं. या काळात दव किंवा रिमझिम पडली तर भिंतीवर तपकिरी, चिकट ओघळ दिसतात. तो रंग उतरत नसतो, थरातली साबणासारखी द्रव्यं वर आलेली असतात. साध्या पाण्याने धुवावीत, घासू नयेत. क्लिअर कोटचा डबा तळापासून सावकाश ढवळावा, हलवू नये, नाहीतर बुडबुडे थरात अडकतात. दोन पातळ हात द्यावेत. पहिला ग्लॉस (चकचकीत), दुसरा मॅट असा क्रम ठेवला तर गडद भाग दुधी पडत नाहीत, कारण मॅट करणारी सिलिका फक्त वरच्या थरात राहते. भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव पडायला लागतं त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियसने जास्त असावं आणि १० अंशांखाली काम करू नये. तापलेल्या भिंतीवरही नको. रोलर ओढतानाच रंग वाळतो आणि जोड दिसतात.

यूव्ही संरक्षण असं डब्यावर ठळक छापलेलं असतं. त्याने उडणं थोडं मंदावतं, थांबत नाही. दृश्य प्रकाशही कच्च्या पिगमेंटला पुरेसा असतो. क्लिअर कोट मारा म्हणजे काहीही लावलं तरी चालेल, असं काउंटरवर कुणी म्हणालं तर ते मानू नये.

दोन घटकांचा पॉलियुरेथेन क्लिअर जास्त कडक असतो आणि भिंतीवर कुणी काही खरडलं तर ते द्रावकाने पुसता येतं, हे खरं. पण तो भिंतीतली वाफ फारशी बाहेर जाऊ देत नाही. मागून ओल येणाऱ्या भिंतीवर तो फुगे आणतो आणि जाताना चित्रही बरोबर नेतो. शिवाय त्यात आयसोसायनेट असतं, योग्य मास्कशिवाय त्याची फवारणी करू नये. हात पोहोचेल तेवढ्या उंचीवरच संरक्षण हवं असेल तर मेणाचा, गरम पाण्याने निघणारा थर बरा. खरडलेलं पुसल्यावर तो पुन्हा लावावा लागतो एवढंच.

या भिंतीचा प्रायमर निर्दोष निघाला, पण श्रेय तयारीचंही आहे. नवा गिलावा २८ दिवस वाळू द्यावा. ताज्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो आणि तो प्रशियन निळ्यासारखे रंग खातो. दीड फूट लांब, दीड फूट रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून १६ तास ठेवावा. मागे पाण्याचे थेंब किंवा गडद डाग दिसला तर काम पुढे ढकलावं. लोणा (भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार) असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडावा, मगच धुवावं. उलट केलं तर क्षार पाण्याबरोबर परत आत मुरतात. आणि पाणी येतंय कुठून ते सापडेपर्यंत, म्हणजे फुटकी पन्हळ, एसीचा टपकणारा पाइप, जमिनीलगतची माती, यांचा बंदोबस्त होईपर्यंत कुठलाच प्रायमर लोणा थांबवत नाही.

मापाचं म्हणाल तर गुळगुळीत भिंतीवर लिटरमागे एका हाताला १०० चौरस फूट धरावेत, खरखरीत गिलाव्यावर ६०. डीप बेसमध्ये (गडद शेड बनवायच्या मूळ डब्यात) पांढरा जवळपास नसतो, म्हणून लाल आणि पिवळा पांढऱ्या प्रायमरवर तीन-चार हात मागतात. लालखाली मध्यम राखाडी किंवा हिरमुजी, पिवळ्याखाली पिवडीमिश्रित पांढरा असा स्वस्त अस्तर-हात दिला तर महागाचे दोनच हात पुरतात. बचत करायची ती इथे. पाणी घालून रंग वाढवण्यात बचत नाही. डब्यावर सांगितल्यापेक्षा जास्त पाणी गेलं की बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट घटक) विरळ होतो आणि भुकटी सुटते. पातळ, पारदर्शक छटा हवी असेल तर पाण्याऐवजी रंगहीन अ‍ॅक्रिलिक माध्यम मिसळावं.

दुकानदाराशी ठरवताना दोन गोष्टी. फोन नंबर आणि दरपत्रक चित्रात रंगवू नये, ते बदलतात. वेगळ्या पाटीवर ठेवावं. जमिनीपासूनचे दोन-अडीच फूट चिखलाचे शिंतोडे, टेकवलेल्या दुचाक्या आणि झाडूचा मार खातात, तिथे चेहरे किंवा अक्षरं नकोत, एकाच गडद ऑक्साइड रंगाची पट्टी ठेवावी. ती कुणीही पुन्हा रंगवू शकतो.

उडालेले भाग दुरुस्त करता येतात, सगळं खरवडायची गरज नाही. भिंत सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी. फक्त त्या आकारांवर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून क्लिअर कोटचा पृष्ठभाग खरखरीत करावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी. मग जुन्या स्टिकरवरची शेड नाही, तर क्रमांक छापलेला रंग पाटीमागच्या मूळ छटेशी जुळवून दोन हात द्यावेत. आकाराच्या मधेच थांबू नये, कडेपर्यंत जावं, म्हणजे ठिगळ दिसत नाही. १४ दिवसांनी क्लिअर कोट फक्त तेवढ्या भागावर न देता जवळच्या सांध्यापर्यंत किंवा कोपऱ्यापर्यंत द्यावा, नाहीतर तिरप्या उन्हात मॅटमधला फरक लगेच उठून दिसतो. उरलेला रंग काठोकाठ भरलेल्या छोट्या बरणीत काढून झाकणावर पिगमेंट क्रमांक, पांढऱ्याचं प्रमाण आणि तारीख लिहावी आणि ती बरणी दुकानातच, थंड जागी ठेवायला द्यावी.