परसदारी उतरायला पायऱ्या की उतार?

कोकणात घराचं जोतं परसापेक्षा 2 फूट उंच आहे असं धरू. तेवढं उतरायला 6 इंचाचे 4 चढ (पायरीची उभी उंची) लागतात. पाऊल ठेवायला 12 इंच धरले तर तीन-चार फुटांत काम होतं. उताराचं गणित वेगळं. व्हीलचेअर सुरक्षित जायला 1 फूट उंचीला 12 फूट लांबी लागते, म्हणजे इथे 24 फूट. जागा नाही म्हणून आठ-दहा फुटांत उरकलेला उतार स्कूटर चढवण्यापुरताच. पावसात त्यावरून म्हाताऱ्या माणसाला चालवू नये. सरळ जागा नसेल तर भिंतीलगत 12-12 फुटांचे दोन तुकडे करा, वळणावर 5 फूट सपाट जागा सोडा.

पायऱ्यांत हमखास चूक होते ती शेवटच्या चढात. गवंडी वरून मापं घेत येतो, अंगणात भराव नंतर पडतो आणि खालची पायरी 4 इंचांची उरते. पाय 6 इंचांना सरावलेला असतो, तो तिथेच अडखळतो. म्हणून आधी अंगणाची पक्की पातळी ठरवा, मग एकूण उंचीचे सारखे भाग करा.

आता दगड. जांभा दिसायला सगळ्यात देखणा, घराशी एकजीव होणारा. पण त्याच्या भोकांत पाणी मुरतं, सावलीच्या बाजूला श्रावणापर्यंत शेवाळ धरतं आणि चिऱ्याची कडही झिजते. घोटीव शहाबादी किंवा कोटा पुसायला सोपा, पण ओल्या पायाला धोक्याचा. घराबाहेर तो नकोच. आमचं मत: बाजूच्या भिंती जांभ्याच्या, पाऊल पडतं तिथे टाकी मारलेला, म्हणजे छिन्नीने खडबडीत केलेला काळा दगड. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला पाव इंच ढाळ द्या, पाणी थांबणार नाही. उताराला खराट्याने आडव्या रेघा ओढलेलं काँक्रीट पुरतं.

शेवाळावर ब्लीचिंग पावडर चालते, पण तिच्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. धुतलेलं पाणी वाफ्यात सोडू नका.

कठडा 3 फूट उंच, मुठीत मावेल असा दीड इंची पाइपाचा. त्याच्या कडेला मोगरा, अबोली शोभते. बोगनवेल काट्यांमुळे नको, लहान मुलं असतील तर विषारी कण्हेरही नको. पायरीलगत दाट झुडूप वाढू देऊ नका, पावसाळ्यात तिथे साप बसतो. दिवा पायांवर उजेड पडेल असा खाली लावा.

घरात आज सगळे धडधाकट असतील तर पायऱ्या बांधा, पण भिंतीलगतची 4 फुटी पट्टी झाडं न लावता मोकळी ठेवा. उतार पुढे तिथेच होईल.