जुन्या रिसीव्हरवर अंगणात स्पीकर लावले, एक पावसाळा काढला, आता रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू तीन गोष्टींचा मिळून आहे, स्पीकर, ते जिथून घेतले ते दुकान आणि लावून देणारा वायरमन. तिघांना वेगवेगळे मार्क द्यावे लागणार म्हणून एवढं लांबण लागतंय. फेब्रुवारीत लावले, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे गोव्याचा एक अख्खा पाऊस त्यांनी खाल्लाय. नव्या डब्यातून काढून दोन दिवसांत पाच स्टार देणाऱ्यांचं मला कळत नाही.

आमचं घर फोंड्याच्या बाजूला, जुनं, चिऱ्यांचं. हॉलमध्ये भावाने पुण्याला जाताना सोडून दिलेला होम थिएटर रिसीव्हर आहे, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा, 2011 चं मॉडेल, 7.1, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर, वजन एवढं की पुसायचं म्हटलं तरी दोन माणसं लागतात. आम्ही त्यावर पाच स्पीकर आणि सबवूफर एवढंच लावलंय, मागचे दोन चॅनल गेली कित्येक वर्षं रिकामे. सासरे रोज संध्याकाळी अंगणात तुळशीसमोर खुर्ची टाकून बसतात आणि मोबाईल कानाला लावून अभिषेकीबुवा ऐकतात, मोबाईलच्या त्या चिरक्या आवाजात. मला ते बघवेना. एक दिवस रिसीव्हरमागची धूळ झाडताना त्या दोन रिकाम्या टर्मिनलांखाली बारीक अक्षरात 'सराउंड बॅक / झोन 2' छापलेलं दिसलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

झोन 2 म्हणजे काय तर तोच डबा हॉलमध्ये एक गोष्ट वाजवतो आणि दुसऱ्या जागी दुसरीच, वेगळ्या व्हॉल्यूमवर. तेवढ्यासाठी नवीन काही घ्यायला लागत नाही. पण दुकानदाराला हे सांगून बघा. पणजीतलं दुकान, नाव घेत नाही, त्याने मॉडेल नंबर ऐकला आणि म्हणाला मॅडम हा भंगारात द्या, नवीन घ्या, ईएमआय करून देतो. मी म्हटलं मला फक्त बाहेरचे स्पीकर पाहिजेत. मग त्याने दोन जोड्या गळ्यात मारल्या, चार स्पीकर, 'अंगण मोठं आहे ना, दोनात काय होणार'. मीही भुलले. एक जोडी 9,800 ला पडली, दोन्हींचं बिल तुम्हीच करा.

ही दुसरी जोडी म्हणजे पहिला घोळ. प्रत्येक स्पीकर 8 ओहमचा, ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका रिसीव्हरवर ताण जास्त. एका चॅनलवर दोन पॅरलल, म्हणजे दोन्ही एकाच टर्मिनलला, लावले की रिसीव्हरला ते 4 ओहम दिसतात, आणि आमच्या डब्याच्या पाठीवर स्पष्ट लिहिलंय, कमीत कमी 6 ओहम. वायरमनने दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन-दोन वायरी पिळून एकेका टर्मिनलला लावल्या, हळू आवाजात सगळं छान, सगळे खुश, मुलाने जरा व्हॉल्यूम वर नेला आणि आतून टक् आवाज होऊन सगळं बंद, पुढे लाल दिवा लुकलुकतोय. माझ्या पोटात गोळा. भाऊ म्हणेल, दिला होता नीट आणि हिने जाळला. जळला नव्हता, प्रोटेक्शनमध्ये गेला होता, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद. एक जोडी काढली, दहा मिनिटं थंड होऊ दिला, पुन्हा सुरू केला तर बिचारा नीट चालला. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले असते तर 16 ओहम झाले असते, डबा सुरक्षित, पण स्पीकरला पॉवरच कमी मिळते, त्यापेक्षा एकच जोडी बरी. दुसरी दुकानात परत नेली. पैसे परत देणार नाही म्हणाला, क्रेडिट नोट दिली. ती अजून पर्समध्ये आहे.

दुसरा घोळ जास्त मोठा, आणि जुना रिसीव्हर असलेल्या प्रत्येकाने हे वाचाच. सगळं जोडलं, मेनूत जाऊन अँप असाइनमध्ये, म्हणजे ते रिकामे चॅनल कशाला द्यायचे त्या सेटिंगमध्ये, सराउंड बॅकच्या जागी झोन 2 निवडलं, रिमोटवरून झोन 2 ऑन केला, टीव्ही लावला. हॉलमध्ये आवाज, अंगणात शांतता, फक्त कावळे. वायरमन तीनदा गच्चीच्या शिडीवर चढून उतरला, कनेक्शनं बघितली, टेस्टर लावला, शेवटी दुकानदाराला फोन. तो काय म्हणणार, सांगितलं ना भंगार झालाय. रात्री अकरा वाजता मी मॅन्युअलची पीडीएफ शोधून वाचायला बसले. 80 पानं, त्यातलं झोन 2 ला पान दीड. आणि त्या दीड पानात एक ओळ, झोन 2 ला फक्त अॅनालॉग इनपुट जातात. म्हणजे एचडीएमआयने किंवा ऑप्टिकलने आलेला आवाज त्या काळच्या बहुतेक डब्यांमध्ये दुसऱ्या झोनला जातच नाही, मुख्य झोनचं डिजिटल सर्किट वेगळं आणि झोन 2 ला स्वतःचं नाही. लाल-पांढऱ्या पिनेने जे येईल ते, आणि आतला एफएम ट्यूनर, एवढंच. काहीही बिघडलं नव्हतं, सगळं जसं बनवलंय तसंच चालत होतं!

खात्रीसाठी त्याच रात्री ट्यूनर लावला, पणजीचं 105.4 एफएम, आणि अंगणात अंधारात कोणीतरी बोलायला लागलं. शेजारचा कुत्रा भुंकून भुंकून वेडा झाला. मी खिडकीत उभी राहून एकटीच हसत होते.

मग उपाय सोपा. वायफायवर चालणारा एक छोटा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरची गाणी वाजवणारा डबा, घेतला, त्याला अॅनालॉग आउट आहे, तो लाल-पांढऱ्या वायरीने सीडी इनपुटला लावला. आधी ब्लूटूथचा हजार-बाराशेवाला डबा लावून बघितला होता पण चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीतून ब्लूटूथ काय येणार, अंगणात फोन घेऊन गेलं की गाणं तुटतं. टीव्हीची मॅच बाहेर ऐकायची असेल तर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून आणखी एक वायर लागते, ती अजून घातलेली नाही, गरज पडली नाही. एक सांगते, हॉलमध्ये आणि बाहेर तेच गाणं लावलं तर दारात उभं राहिल्यावर किंचित प्रतिध्वनी येतो, कारण आतला आवाज प्रोसेसरमधून फिरून येतो आणि बाहेरचा थेट. हॉलमध्ये डायरेक्ट मोड, म्हणजे प्रोसेसरची करामत बंद, केला की बराच कमी होतो.

आता वायरमन. बांदोड्याकडचा, वयस्कर, हळू काम करतो पण हात असा की बघत राहावं. दुकानदाराने स्पीकरबरोबर फुकट दिलेली वायर त्याने नखाने सोलली, तांब्याच्या रंगाच्या एका तारेवर चाकू घासला आणि मला दाखवली, आत पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. म्हणाला, "बाय, ही घालूं नाका," आणि बाजूला टाकली. आमच्या इथे दमट हवेत ही वायर टर्मिनलपाशी लवकर खराब होते आणि रेझिस्टन्सही तांब्यापेक्षा जास्त. लांबचा स्पीकर रिसीव्हरपासून 22 मीटरवर, जाऊन-येऊन 44 मीटर तार. अडीच स्क्वेअर एमएमची खरी तांब्याची घेतली तर साधारण 0.33 ओहम रेझिस्टन्स होतो, 8 ओहमच्या स्पीकरला चालतंय. एक स्क्वेअर एमएमची घेतली असती तर 0.8 च्या आसपास, म्हणजे दहा टक्के, तेवढी पॉवर वायरीतच गरम व्हायला. लोक स्पीकरवर वीस हजार घालतात आणि वायरीत तीनशे वाचवतात.

चिऱ्यात ड्रिल करणं हा वेगळाच प्रकार आहे. हॅमरवर ठेवून मारलं की भोक मोठं होतं, आतून लाल भुगा पडत राहतो आणि गिट्टी सैल बसते. त्याने हॅमर बंद करून साध्या ड्रिलने हळूहळू भोक पाडलं, फुंकून भुगा काढला, लांब गिट्टी बसवली आणि स्क्रू 316 ग्रेडचे, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेसचे, डब्यातले नाही. स्पीकर छपराच्या उताराखाली, वळचणीच्या आत, तोंड जरा खाली झुकवून, म्हणजे पाणी साचायला जागा नाही. वायर स्पीकरला जोडायच्या आधी खाली एक झोळ देऊन मग वर नेलीय, पाणी वायरीवरून ओघळलं तर झोळाच्या टोकाला थेंब पडून जातो, टर्मिनलपर्यंत चढत नाही. हे मी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःहून केलं. लेबर 2,500 घेतलं, दोन दिवस. मी चहाबरोबर शंकरपाळी दिली ती वेगळी.

स्पीकरांबद्दल. 5 इंची वूफर, आयपी 55. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. खाऱ्या दमट हवेबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. जूनमध्ये आडवा पाऊस सुरू झाला तेव्हा मी रोज सकाळी जाऊन बघायचे. शंकू प्लास्टिकचा असल्याने ठीक राहिला, जाळी अॅल्युमिनियमची, तीही ठीक. ब्रॅकेटवरचा रंग मात्र जुलैअखेर फुगला, खाली गंजाचा डाग, आणि डब्यात आलेला एक स्क्रू आम्ही मुद्दाम भिंतीला बाहेर ठेवला होता, गणपतीपर्यंत तो चक्क तपकिरी. टर्मिनलपाशी तार हिरवट झाली होती, इंचभर कापून नवीन टोक सोललं आणि बनाना प्लग, म्हणजे नुसते खोचायचे नि उपटायचे प्लग, लावले.

बनाना प्लगचा खरा फायदा वेगळा आहे. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे वीज कशी कडाडते ते इथल्यांना सांगायला नको. अंगणातली वायर म्हणजे घरात विजेला दिलेलं आमंत्रण, ढग दाटले की मागचे चार प्लग उपटायचे आणि रिसीव्हरचा मेन प्लगही. स्क्रूच्या टर्मिनलवर अंधारात बोटं घालत बसलात तर वीज तुमची वाट बघणार नाही.

सप्टेंबरमध्ये डाव्या स्पीकरमधून फरफर यायला लागली. मला वाटलं पाणी शिरलं, गेला. काढून बघते तर मागच्या बेसच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, गोल गुळगुळीत, आत तीन कप्पे, एकात सुकलेला कोळी. एवढी मेहनत फोडताना वाईट वाटलं. मच्छरदाणीचा तुकडा भोकावर ताणून चिकटवला, आता ये-जा बंद.

आवाज? उघड्यावर बेस मिळत नाही हे मनाची तयारी करून ठेवा, भिंती नाहीत तर बेस कशावर आपटणार. अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबल पडतो, म्हणून स्पीकर माणसाच्या जवळ लावा आणि हळू वाजवा, लांबून ओरडायला लावू नका. गाणाऱ्याचा गळा, हार्मोनियम, तबल्याची चाट स्वच्छ, बायाचा घुमारा अर्धा. चवथीला मुलाने घुमट आरतीचं रेकॉर्डिंग लावलं होतं, घुमट म्हणजे आमच्याकडचं मातीच्या मडक्याचं वाद्य, कासाळं, म्हणजे झांजा, खणखणीत आली, घुमटाची घूम गेली. सासऱ्यांनी हात करून बंद करायला लावलं, म्हणाले आत खरं घुमट वाजतंय ते ऐक.

आमच्या मॉडेलमध्ये झोन 2 मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज, करता येतो, तो करा. अंगणात कोणी दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसत नाही, एका बाजूला बसलेल्याला फक्त तंबोरा आणि दुसऱ्याला फक्त गाणारा असं होतं. झोन 2 ची व्हॉल्यूम मर्यादा पण घालून ठेवा, विशेषतः घरात तेरा वर्षांचा मुलगा असेल तर. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही हा देशभराचा नियम आहे, पण त्याआधीच शेजारी काय म्हणतील ते महत्त्वाचं. आम्ही साडेआठला बंद करतो.

त्रास देणारी एक गोष्ट राहिलीच, रिमोट. त्यावर मेन आणि झोन 2 असा एक इवलासा सरकवायचा स्विच आहे. सासरे तो झोन 2 वर ठेवून जातात, मग हॉलमध्ये नवरा बातम्यांचा आवाज वाढवायला बटण दाबत बसतो, हॉलमध्ये ढिम्म आणि अंगणात अभिषेकीबुवा वरच्या सप्तकात. तोंडी समजावून झालं, आता स्विचशेजारी नेलपेंटचा लाल ठिपका लावलाय.

मार्क: स्पीकरला साडेतीन, ब्रॅकेट आणि स्क्रूमुळे दीड कापले. वायरमनला पाच. रिसीव्हरला मार्क द्यायची माझी पात्रता नाही, फक्त दोन्ही झोन चालू असताना तो चांगलाच तापतो, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालू नका, मी काढला. दुकानाला दोन, तेही क्रेडिट नोट कटकट न करता दिली म्हणून. नोटेची मुदत जानेवारीअखेर आहे, व्हडल्या दिवाळीला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला, तुळशीभोवती लावायला माळा घ्याव्यात असा विचार आहे, शनिवारी पणजीला जाणारच आहे.