रविवारचा सिनेमा: ॲनिमेशन निवडावा की विनोदी?

घरातल्या सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं ठरलं की आमच्या नवी मुंबईतल्या नेरूळच्या घरात दोनच प्रकार उरतात. मारधाड आईला सोसत नाही, आणि नुसत्या प्रेमकथेला दुसरीतला मुलगा बसत नाही. मग उरतं ॲनिमेशन, नाहीतर विनोदी. बहुतेक घरांत असंच होत असावं, आणि मग एक सोयीचा हिशेब वापरला जातो: कार्टून म्हणजे पोरांसाठी, विनोदी म्हणजे सगळ्यांसाठी. २०२४ पासून आलेले सिनेमे पाहून माझं मत याच्या उलट झालं आहे. अलीकडचे चांगले ॲनिमेशनपट मोठ्यांना जास्त लागतात. विनोदी सिनेमांतले बरेचसे लहान मुलांना कळत नाहीत, आणि काही तर त्यांच्यासमोर बघवत नाहीत. म्हणून आधी बरोबर कोण आहे ते बघावं आणि मग सिनेमा ठरवावा. खाली मी सिनेमे जोडीजोडीने ठेवले आहेत. यातले बहुतेक आता घरीच बघावे लागतील, पण पुढचा सिनेमा निवडताना हीच ताडून बघण्याची पद्धत उपयोगी पडेल.

सुरुवात माझ्या सर्वांत आवडत्या जोडीपासून करतो. परेश मोकाशींचा ‘नाच गं घुमा’ १ मे २०२४ ला आला आणि ख्रिस सँडर्सचा ‘द वाइल्ड रोबॉट’ त्याच वर्षी, काही महिन्यांनी. एकात नोकरी करणारी राणी आणि तिच्या घरी कामाला येणारी, कायम उशीर करणारी आशा. दुसऱ्यात माणसांची कामं करण्यासाठीच बनवलेली रॉझ नावाची यंत्रमानव. ती वादळात एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडते, आणि अंड्यातून बाहेर आलेलं हंसाचं पिल्लू तिलाच आई मानतं. वरवर बघता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोन्ही सिनेमे एकच गोष्ट विचारतात: दुसऱ्याचं काम करायला म्हणून आलेली बाई त्या घराची कोण लागते?

‘नाच गं घुमा’ हा आपल्याकडचा रोजचा विषय आहे. बाई येणार की नाही यावर ज्या घरात सकाळची लोकल ठरते, तिथल्या प्रत्येकाला पहिल्या अर्ध्या तासातला राणीचा त्रागा ओळखीचा वाटेल. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव यांनी दोघींपैकी कोणालाही खलनायिका होऊ दिलेलं नाही, ही मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली. आशाची बाजू आली की आपण आशाचे होतो, राणी बोलायला लागली की राणीचे. उत्तरार्धात भावनेचा भाग थोडा लांबतो, तिथे कात्री चालायला हवी होती. आमची आई मात्र शेवटपर्यंत हसत होती, मागच्या रांगेतल्या बायका तर पडद्यावरच्या राणीला मोठ्याने सल्ले देत होत्या. मुलगा मायरा वायकुळ दिसली की सावरून बसायचा, एरवी चुळबुळ. त्याचं बरोबरच होतं. सुट्ट्या, पगार, उशीर यांवरचे विनोद दुसरीतल्या मुलाला कुठून कळणार?

‘वाइल्ड रोबॉट’मध्ये हाच मुलगा पूर्ण वेळ रमला. मरणावर चेष्टा करणारी ओपोसमची (मेल्याचं सोंग घेणारा एक छोटा प्राणी) पिल्लं त्याला सगळ्यात आवडली. पण शरद ऋतू येतो, पिल्लाला खायला, पोहायला आणि उडायला शिकवून झालेलं असतं, आणि थव्याबरोबर त्याने निघून जायची वेळ होते, तेव्हा घरातली मोठी माणसं गप्प झाली. ज्यांची मुलं शिकायला पुण्याला किंवा परदेशी गेली आहेत त्यांनी हा सिनेमा मुलांसाठी म्हणून बघू नये, स्वतःसाठी बघावा. जंगल तर हाताने रंगवलेल्या चित्रासारखं दिसतं, अगदी पानांच्या कडासुद्धा. आईला इंग्रजी सगळं कळत नाही, हिंदी डब पटापट बोलतं, तरीही तिला गोष्ट समजावून सांगायची वेळ आली नाही.

तेव्हा या जोडीत माझी निवड अशी: दोन-तीन बायका मिळून बघणार असतील तर ‘घुमा’, मूल आणि आजी दोघं बरोबर असतील तर ‘रोबॉट’.

दुसरी जोडी वयाची आहे. ‘इनसाइड आउट २’ जून २०२४ चा. त्यातली रायली तेरा वर्षांची होते आणि तिच्या डोक्यातल्या आनंद, दुःख, राग या जुन्या मंडळींत नव्या भावना येऊन बसतात. त्यांतली चिंता सगळा कारभार ताब्यात घेते. हॉकीच्या सामन्यात रायलीचा श्वास अडकतो तो प्रसंग मी भाचीबरोबर पाहिला. ती तेव्हा दहावीत होती. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो म्हणजे नक्की काय होतं, हे तिने मला त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा नीट सांगितलं. क्लास आणि टेस्ट सिरीजच्या चक्रात असलेल्या प्रत्येक घराने हा सिनेमा मुलांबरोबर बघावा असं मला मनापासून वाटतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला यातले रंग आणि धमाल आवडेल, मुद्दा कळणार नाही. हिंदीत रायलीला अनन्या पांडेचा आवाज आहे. तो ठीक आहे, पण किशोरवयीन मुलं बरोबर असतील तर इंग्रजीच घ्या, ती तशीही हट्ट करणार. लांबी दीड तासाच्या आसपास, म्हणजे शाळेच्या आदल्या रात्रीही चालेल.

याच्या समोर मी ‘गुलकंद’ ठेवतो. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे म्हणजे ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मागची जोडी, सिनेमा १ मे २०२५ चा. सई ताम्हणकर, समीर चौघुले, प्रसाद ओक, ईशा डे यांची दोन मुरलेली जोडपी. चाळिशीनंतरच्या संसारात प्रेम कुठे जाऊन बसतं, हा विषय. समीर चौघुले नुसता चेहरा हलवूनही हसवतात, आणि इथे त्यांना हसवण्याच्या पलीकडचंही थोडं करायला मिळालं आहे. स्किटची सवय मात्र जाणवते: एकेक प्रसंग चपखल, पण प्रसंगांना जोडणारा धागा अधूनमधून सैल. तरी नवराबायकोने दोघांनीच बघायला याहून बरा सिनेमा त्या वर्षात मला दिसला नाही. मुलांना मामाकडे ठेवा.

तिसऱ्या जोडीत भीतीचा प्रश्न येतो, आणि इथेच पालकांनी सावध राहायला हवं. ‘महावतार नरसिंह’ २५ जुलै २०२५ ला आला. अश्विन कुमार यांच्या या सिनेमाने जगभरात ३०० कोटींच्या वर गल्ला जमवला, भारतीय ॲनिमेशनपटाने त्याआधी कधीच एवढं कमावलं नव्हतं. हिंदी आणि दक्षिणेतल्या भाषांत आला, मराठीत नाही, ही खंत आहे. प्रल्हादाची गोष्ट सगळ्यांना पाठ असूनही खांब फुटण्याची वाट बघत सगळं थिएटर थांबलेलं असतं, आणि नरसिंह प्रकटतो तेव्हा टाळ्या पडतात. चेहऱ्यांच्या हालचाली पिक्सारच्या तोडीच्या नाहीत, पूर्वार्धात काही ठिकाणी बाहुल्या चालल्यासारखं वाटतं. शेवटच्या युद्धात हे सगळं विसरायला होतं. पण ते युद्ध रक्ताचं आहे, आवाज मोठा आहे, आणि हिरण्यकश्यपूचा शेवट कसा होतो हे तुम्हाला माहीत आहेच. पाच वर्षांचं मूल घेऊन गेलात तर ते मांडीत तोंड लपवेल. देवाची गोष्ट आहे म्हणून चालेल, असं धरू नका.

आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ (जून २०२४) उलट विनोदी म्हणून विकला गेला. ‘झोंबिवली’ या सिनेमात शेजारच्या डोंबिवलीत झोंबी आणणारा हाच दिग्दर्शक. कोकण, पिंपळ, मुंजीनंतर मेलेला हट्टी पोरगा: ही भीती आपल्या आजीच्या तोंडची आहे, म्हणून हिंदी सिनेमा असूनही तो घरचा वाटतो. सुहास जोशींची आजी पडद्यावर आली की आईने खुर्चीत पुढे सरकून पाहिलं. मुंज्या स्वतः संगणकावर घडवलेला आहे, म्हणजे हासुद्धा थोडा ॲनिमेशनपटच. बाराच्या पुढच्या मुलांना धमाल येईल. लहानांना सुरुवातीचा बहिणीचा प्रसंगच जड जाईल, त्यामुळे दहाच्या आतल्यांना नको.

नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्रावर यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे गट आले आहेत. तिकीट काढताना ॲपवर सिनेमाच्या नावाजवळच ते दिसतं. पोस्टरवर प्राणी आहेत की माणसं, यापेक्षा या आकड्यावर जास्त विश्वास ठेवावा. जपानी ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा हे फार जाणवलं. चित्रं आहेत, पण अडीच तासांची तुंबळ लढाई, आणि आधीची मालिका न पाहिलेल्याला काहीच संदर्भ लागत नाही. भाचीसाठी तो वर्षातला सर्वोत्तम सिनेमा, आईबाबांनी तिला मैत्रिणींबरोबर पाठवावं.

आता जून २०२५. त्या एका महिन्यात दोन हिंदी विनोदी सिनेमे आले. ६ तारखेला ‘हाऊसफुल ५’, २० तारखेला ‘सितारे जमीन पर’. पहिल्याचे ५ए आणि ५बी असे दोन वेगळे शेवट होते, खुनी कोण ते तिकिटावर अवलंबून. कल्पना मजेची आहे. पण जहाजावरच्या त्या पावणेतीन तासांतले विनोद बायकांच्या शरीरावरून पुढे सरकत नाहीत. आईच्या शेजारी बसून ते ऐकणं मला नको वाटतं, मुलीच्या शेजारी तर अजिबातच नको. ‘सितारे जमीन पर’ स्पॅनिश सिनेमावरून घेतलेला आहे, त्यातला बास्केटबॉलचा संघ बौद्धिक अपंगत्व असलेल्या दहा जणांनी उभा केला आहे, आणि तिथे आपण त्यांच्यासोबत हसतो. प्रशिक्षकाला तेच शहाणं करतात. थोडं उपदेशाकडे झुकतं, तरी सात ते सत्तर कोणालाही घेऊन बसा. १ ऑगस्टला तो यूट्यूबवर शंभर रुपयांत आला, म्हणजे एका तिकिटापेक्षा कमी खर्चात सगळं घर.

‘हाऊसफुल’च्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘फ्लो’ आहे. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा हा सिनेमा ब्लेंडर या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनला आणि मार्च २०२५ मध्ये ऑस्कर घेऊन गेला. त्यात एकही शब्द नाही. पूर येतो, एक मांजर होडीत चढते, हळूहळू बाकीचे प्राणी येतात, इतकंच. ज्या घरात आजीला मराठी, मुलाला इंग्रजी आणि पाहुण्यांना हिंदी लागते, तिथे भाषेचा प्रश्नच मिटतो. २६ जुलै २००५ चं पाणी ज्यांनी कळंबोलीत किंवा बदलापुरात चढताना पाहिलं आहे, त्यांना पहिला अर्धा तास वेगळाच जाईल. फोन दूर ठेवून, दिवे बंद करून बघा. कोणी मध्ये चहा करायला उठलं तर थांबवा, पुढे रेटू नका.

थिएटर की घर, याबाबतीत माझा कल विनोदी सिनेमाकडे आहे. ॲनिमेशनला मोठा पडदा हवा हे खरं, पण विनोदाला माणसं हवीत. वाशीच्या भावे नाट्यगृहात विनोदी नाटकाला एक रांग हसली की दुसरी हसते, तसंच ‘नवरा माझा नवसाचा २’ला झालं. गोष्ट पहिल्या भागाइतकी पक्की नाही, एसटीतली गंमत कोकण रेल्वेच्या डब्यात पूर्ण उतरलेली नाही. पण भरलेल्या शोमध्ये अशोक सराफ दिसताच जो गलका होतो, तो घरच्या टीव्हीवर मिळणार नाही. मराठी सिनेमाला जायचं तर पहिल्याच शनिवार-रविवारी जा. दुसऱ्या आठवड्यात शो दुपारी पावणेएकला सरकलेला असतो किंवा गेलेला असतो. इंग्रजी ॲनिमेशनपट जास्त टिकतात, आणि गेलेच तर काही महिन्यांत घरी येतात, तिथे मुलाच्या प्रश्नासाठी थांबवताही येतात.

आजी बरोबर असेल तर आम्ही सीवूड्स गाठतो. मॉल स्टेशनलाच लागून आहे, रिक्षाची कटकट नाही. मंगळवारी काही मल्टिप्लेक्स साखळ्या तिकीट बरंच खाली आणतात, पण शाळा असलेल्या घराला त्याचा उपयोग सुट्टीतच. थ्रीडीचा शो आम्ही टाळतो: चष्म्याचे पैसे वर, आणि आईला आपल्या चष्म्यावर दुसरा चष्मा नको असतो.

सगळं घर बरोबर आहे आणि एकच सिनेमा निवडायचा आहे, असं कोणी विचारलं तर मी ‘झूटोपिया २’ सांगतो. नोव्हेंबर २०२५ चा हा सिनेमा ॲनिमेशनही आहे आणि चोख विनोदीही. ज्युडी सशीण आणि निक कोल्हा, दोन पोलीस, एका सापाच्या मागे लागतात. मुलाला पाठलाग, भाचीला ज्युडी आणि निकची कुरबुर. मला त्यात आणखी एक दिसलं: सरपटणाऱ्या प्राण्यांना या शहरात जागा का नाही, शहर मुळात कुणामुळे उभं राहिलं आणि श्रेय कुणाच्या नावावर चढलं, हा त्या कथेचा गाभा आहे. ९५ गावांच्या जमिनीवर सिडकोने वसवलेल्या शहरात राहणाऱ्याला, शेजारच्या गावठाणातल्या प्रकल्पग्रस्तांचे मोर्चे पाहिलेल्याला, ही गोष्ट दूरची वाटत नाही. एवढा जड विषय पावणेदोन तासांत, एकही हशा न गमावता मांडला आहे. आधी २०१६ चा पहिला भाग घरी दाखवा, नाहीतर ज्युडी आणि निक एकमेकांशी असे का वागतात ते मुलांना कळणार नाही. आजीसाठी हिंदी घ्या, ज्युडीला श्रद्धा कपूरचा आवाज आहे. भाची कुरकुरेल, पण ती नंतर इंग्रजीत पुन्हा बघणारच आहे.