बी.कॉम. एलएल.बी.: पाच वर्षांनंतरचा अनुभव, आणि एका पेपरबद्दलची तक्रार

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स हातात पडली आणि हे लिहायला बसले. पेपर ‘प्रोफेशनल एथिक्स अँड प्रोफेशनल अकाउंटिंग सिस्टीम’. प्रश्न होता, पक्षकाराच्या पैशांचा हिशेब वकिलाने कसा ठेवावा. मी आधी बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम लिहिले आणि त्याखाली पक्षकाराच्या खात्याचा नमुना काढून दाखवला: तारीख, तपशील, जमा, नावे, शिल्लक. त्या नमुन्यावर तिरकी लाल रेघ आणि शेजारी शेरा, ‘थिअरी लिहा’. ज्या पेपरच्या नावात अकाउंटिंग आहे त्यात खातं काढलं म्हणून मार्क कापले. मला याचा मनापासून राग आला आहे आणि तो या सगळ्या लिखाणात दिसेल, हे आधीच सांगते.

बी.कॉम. आणि लॉ एकत्र शिकवणारा हा पाच वर्षांचा कोर्स काय असतो, सीईटी कशी असते, विषय कोणते, हे बहुतेकांना ठाऊक असतं, त्यात वेळ घालवत नाही. पैशांचं आधी बोलू. आधी बी.कॉम. आणि मग तीन वर्षांचं लॉ केलं तर सहा वर्षं जातात, सलग कोर्सला पाच. वाचलेलं वर्ष म्हणजे एका वर्षाची फी, राहण्याजेवणाचा खर्च, आणि एक वर्ष आधी सुरू होणारी कमाई. आमच्या घरी याच हिशेबावर निर्णय झाला आणि तो हिशेब आजही मला बरोबर वाटतो.

पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या लीगल एज्युकेशन रूल्समधला नियम १३ प्रवेशाआधी वाचा. या कोर्सला मधून प्रवेश नाही आणि मधून बाहेर पडायची सोयही नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी वाटलं की वकिली आपल्याला जमणार नाही, तर ‘माझी बी.कॉम. द्या, मी निघते’ असं म्हणता येत नाही. पदवी तोडून मिळत नाही. चौथ्या वर्षी सोडणाऱ्याच्या हातात कागदोपत्री बारावीच राहते. प्रॉस्पेक्टसमध्ये ही गोष्ट ठळक छापायला हवी, आमच्या तरी नव्हती.

आता कॉमर्स आणि लॉ एकत्र शिकण्याचा फायदा खरंच होतो का? होतो, आणि जिथे होतो तिथे फार आनंद होतो. गुडविलचंच घ्या, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाचं. पहिल्या वर्षी अकाउंट्सच्या तासाला शिकवलं होतं की स्वतः कमावलेलं गुडविल पुस्तकात दाखवायचं नाही, पैसे मोजून विकत घेतलं असेल तरच दाखवायचं, कारण घरच्या गुडविलची किंमत विश्वासाने मोजता येत नाही. एएस २६ या अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये तेच आहे. पुढे टॅक्सच्या तासाला बी. सी. श्रीनिवास शेट्टी या प्रकरणाचा १९८१ चा निकाल आला. बंगळूरची अगरबत्तीची भागीदारी फर्म, ती विसर्जित झाली, गुडविलची किंमत ठरली दीड लाख, आणि आयकर खातं म्हणालं यावर कॅपिटल गेनचा, म्हणजे मालमत्तेवरच्या नफ्याचा, कर भरा. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं गुडविल मिळवायला किती खर्च आला हेच ठरवता येत नाही, म्हणजे नफा मोजण्याचं कलम लागू पडत नाही, आणि मोजणी होत नसेल तर करही बसत नाही. बी.ए. एलएल.बी.ची मुलं याच तासाला आमच्यासोबत बसायची. ती ‘कॉस्ट ऑफ अ‍ॅक्विझिशन’, म्हणजे मिळवण्याच्या खर्चापाशी, अडली होती, आमचा वर्ग मात्र कोर्टाचं म्हणणं संपायच्या आत पुढे पोचला होता, कारण तर्क तोच होता, फक्त अकाउंट्सच्या पुस्तकातून कोर्टात आला होता. मग १९८७ च्या फायनान्स अ‍ॅक्टने स्वतः कमावलेल्या गुडविलचा मिळवण्याचा खर्च शून्य धरायला लावला, २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीजच्या निकालाने गुडविलवर घसारा मिळू लागला आणि २०२१ च्या फायनान्स अ‍ॅक्टने तो बंदही केला. हा सगळा प्रवास मी एका बैठकीत वाचला. या कोर्सने मला दिलेला हा सर्वात चांगला दिवस.

वाईट एवढंच की हा सांधा माझा मी जुळवला. अकाउंट्सचे सर आणि टॅक्सच्या मॅडम यांनी एकमेकांचा सिलॅबस उघडून पाहिला असेल असं वाटत नाही. भागीदारी विसर्जनाची गणितं पहिल्या वर्षी, भागीदारी कायद्याचं कलम ४८ कितीतरी नंतर, आणि दोन्ही ठिकाणी एकाच क्रमाची चर्चा: आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी दिलेली कर्जं, मग भांडवल. दोघांनी मिळून एक तास घेतला असता तरी पुरलं असतं.

पुस्तकांवर पैसे घालवणार असाल तर थांबा. आमच्या काळात कायदेच बदलले. ५११ कलमांचं आयपीसी (भारतीय दंड संहिता) शिकलो आणि १ जुलै २०२४ पासून ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली, सोबत सीआरपीसी आणि एव्हिडन्स अ‍ॅक्टही गेले. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांनी २९ जुने कायदे गिळले. १९६१ चा आयकर कायदा आम्ही परीक्षेसाठी घोकला आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला. त्यामुळे टिपांसह जाडजूड पुस्तकं आगाऊ घेऊ नका. इंडिया कोड या सरकारी साइटवर कायदे फुकट आहेत. जुनं आयपीसी मात्र रद्दीत घालू नका, १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्यांना तेच लागतं आणि ते खटले अजून बरीच वर्षं चालतील. वकिली करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या ऑल इंडिया बार एक्झामला बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मजकूर) नेता येतात पण बिनटिपांचे, म्हणजे विकत घ्यायचेच असतील तर तसेच घ्या.

अटेंडन्स प्रत्येक विषयात ७० टक्के, इंटर्नशिप पाच वर्षांत मिळून किमान २० आठवडे. हे जमतं. इंटर्नशिपचे आठवडे शेवटच्या वर्षासाठी साठवू नका, एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर मोजत नाहीत.

आता त्या पेपरकडे येते. बाकीच्यांना हा शेवटच्या टप्प्यातला सोपा पेपर वाटतो. माझ्या मते अख्ख्या कोर्समध्ये कॉमर्स आणि लॉ यांची गाठ अधिकृतपणे पडते ती याच पेपरमध्ये. बार कौन्सिलच्या नियमांत हा क्लिनिकल पेपर आहे, म्हणजे प्रत्यक्ष वकिली करणाऱ्यांना सोबत घेऊन शिकवायचा. आमच्याकडे सेमिस्टरचा मोठा भाग अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, शिस्तभंगाची प्रकरणं आणि कोर्टाचा अवमान यांत गेला. आर. डी. सक्सेना प्रकरणाचा सुप्रीम कोर्टाचा २००० चा निकाल नीट शिकवला, फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही हा. तो भाग उत्तम होता. पण अकाउंटिंगची वेळ आली तेव्हा सांगण्यात आलं, ‘त्यावर एकच प्रश्न येतो, ऑप्शनला टाका.’

त्यात आहे काय ते बघा. बार कौन्सिलच्या वकिलांसाठीच्या आचारनियमांतला नियम २५ म्हणतो, वकिलाने पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवायचा, त्याच्याकडून किंवा त्याच्या वतीने काय आलं, त्याच्यासाठी काय खर्च झाला, फी म्हणून काय वळतं केलं, सगळं तारखेसह. नियम २६ म्हणतो, आलेली रक्कम फीसाठी की खर्चासाठी ते नोंदीत लिहायचं, आणि खर्चासाठी आलेले पैसे केस चालू असताना पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवायचे नाहीत. नियम ३० म्हणतो, पक्षकाराने मागितल्यास हिशेबाची प्रत द्यायची. दुसऱ्या बाजूने आयकर. आम्ही शिकलो त्या आयकर नियमांमधला नियम ६एफ हा वकिलांनाही लागू होता: कॅशबुक, लेजर, मर्कंटाइल पद्धत (पैसे हातात येण्याजाण्याआधीच नोंद करण्याची) असेल तर जर्नल, २५ रुपयांवरच्या प्रत्येक पावतीची स्थळप्रत, आणि ५० रुपयांवरच्या खर्चाचं मूळ बिल. रक्कम बघा, ५० रुपये. कोर्टाच्या आवारात झेरॉक्स काढली तरी हा आकडा ओलांडतो. एवढा बारीक नियम, आणि वर्गात त्याचा उच्चारही नाही.

मी वर्गप्रतिनिधीसोबत ऑफिसला अर्ज दिला. तिथून विभागाकडे पाठवलं, विभागाने सांगितलं सिलॅबस पूर्ण झाला आहे, आणि सिलॅबसच्या प्रतीवर त्या युनिटपुढे बरोबरची खूण होती. न शिकवलेल्या युनिटपुढे बरोबरची खूण बघून मी हा अनुभव दोन तारे देऊन संपवणार होते. 

मग दिवाणी कोर्टात वकिली करणारे एक सर व्हिजिटिंग म्हणून आले आणि माझं मत बदललं. त्यांनी पुस्तक उघडलं नाही. फळ्यावर लिहिलं: पक्षकाराने चेकने ३०,००० दिले. ठरलेली फी १५,०००, बाकी खर्चासाठी. कोर्ट फी ९,०००, टायपिंग आणि झेरॉक्स १,२००, नोटरी आणि प्रोसेस फी ८००. दावा लोकअदालतीत मिटला आणि कोर्ट फीचे ९,००० परत आले. वकिलाचं उत्पन्न किती, पक्षकाराला देणं किती?

अर्ध्या वर्गाने उत्पन्न १९,००० लिहिलं, उरलेले चार हजार वकिलाचेच असं धरून. काहींनी परत आलेली कोर्ट फीसुद्धा त्यात मिळवली आणि २८,००० लिहिलं. उत्तर आहे उत्पन्न १५,००० आणि पक्षकाराला देणं १३,०००: खर्चातून उरलेले ४,००० आणि कोर्ट फीचे ९,०००. ३०,००० आले त्या दिवशी ते उत्पन्नात धरायचेच नाहीत, पक्षकाराच्या खात्याला जमा करायचे. आपल्या हातात पैसे असतात पण ते आपले नसतात, अकाउंट्समध्ये आम्ही याला पहिल्या वर्षीच देणं म्हणायला शिकलो होतो. लोकअदालतीत तडजोड झाल्यावर कोर्ट फी परत मिळते, हे १९८७ च्या लीगल सर्व्हिसेस अथॉरिटीज अ‍ॅक्टचं कलम २१, ती कुणाची हे पक्षकाराचं खातं सांगतं, आणि ती खिशात घातली तर काय होतं हे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम ३५ सांगतं. एका उदाहरणात तिन्ही.

कुणीतरी विचारलं, आयकर कायद्याचं कलम ४४एडीए घेतलं की वह्या कशाला ठेवायच्या? ५० लाखांपर्यंतच्या जमेवर, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, जमेची निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून मोकळं होता येत होतं. सर म्हणाले, ती सूट आयकर खात्यापुरती, पक्षकाराला द्यायच्या हिशेबातून तुम्हाला कुणी सोडलेलं नाही. हे वाक्य मी वहीत चौकटीत लिहिलं आहे. ज्युनिअर म्हणून कुणाच्याही ऑफिसात बसाल तर पहिल्या महिन्यात याचाच उपयोग होईल, कारण खर्चाची डायरी ज्युनिअरकडेच येते.

असे तास मिळाले म्हणून परीक्षेत मी खातं काढून दाखवलं, आणि त्यावर ती लाल रेघ आली. उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. अर्जात मी तोच निकाल लिहिला आणि झेरॉक्स मिळाली. पुनर्मूल्यांकनात मार्क वाढले. त्याची फी वेगळी भरावी लागली आणि ती परत मिळाली नाही, याचा मला अजून त्रास होतो, कारण चूक तपासणाऱ्याची होती.

एकूण कोर्सला माझे चार तारे. कंपनी लॉ, टॅक्स, दिवाळखोरी किंवा कामगार कायदा यांत काम करायचं असेल तर बी.कॉम.चा पाया रोज कामी येतो, ताळेबंद वाचायला घाबरत नाही. फक्त फौजदारीच करायची पक्की इच्छा असेल तर बी.ए. एलएल.बी. घ्या, अकाउंट्सच्या पेपरांत वेळ जाणार नाही. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन या एका पेपरच्या मागच्या प्रश्नपत्रिका चाळा. हिशेबाचं उदाहरण एकदाही आलेलं दिसलं नाही, तर तिथे तो भाग शिकवत नाहीत असं समजा.

सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, खर्चाबद्दल: सुप्रीम कोर्टाच्या ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालानंतर राज्य बार कौन्सिलला नोंदणीसाठी कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही, खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५. कुणी वर मागितलं तर निकालाची प्रत पुढे करा.

अभ्यास मंडळाला मी लेखी विनंती केली आहे की या पेपरमध्ये पक्षकाराच्या खात्याचं एक उदाहरण सक्तीचं करावं आणि तपासणाऱ्यांना नमुना उत्तर द्यावं. पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं की या अनुभवात भर घालेन.