सेकंड हँड अव्हेंजर २२०: दणका नेमका कुठून बसतो?

अव्हेंजर म्हणजे बजाजची खाली सीटची क्रूझर मोटरसायकल. ती विकणारा हमखास म्हणतो, "सोफा आहे सोफा!" धुळे–सोलापूर महामार्गावर गेवराई ते बीड चालवली तर ते पटतंही. मात्र काळ्या मातीवरच्या, कडा खचलेल्या गावरस्त्याला गाडी लागली की तोच सोफा माकडहाडात दणके घालू लागतो. मग निदान ठरलेलं: "शॉकअप गेले." आणि उपायही ठरलेला: बाजारातले गॅस शॉकअप. जुन्या अव्हेंजरवर सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, कारण दणक्याचं मूळ बऱ्याचदा दुसरीकडे असतं.

आधी गाडीची जात समजून घ्या. पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना) १४० मिलीमीटर चाल, म्हणजे दबायची जागा आहे, मागच्या शॉकअपला फक्त ९०. त्यात पाय पुढे, सीट खाली आणि अंगाचं बहुतेक वजन मागच्या चाकावर. साध्या गाडीवर खड्डा दिसला की माणूस फूटरेस्टवर जोर देऊन बूड उचलतो. इथे पाय पुढे असल्यामुळे ते जमत नाही. म्हणजे सगळं ठणठणीत असलं तरी खोल खड्ड्यात ही गाडी आपटणारच. तपासायचं ते त्यापलीकडचं.

सुरुवात हवेपासून करा. पंक्चरवाल्याकडे दोन्ही चाकांत सरसकट पस्तीस पौंड (पीएसआय) हवा भरायची पद्धत आहे. अव्हेंजरला पुढे पंचविसाच्या आसपास, मागे एकट्याला अठ्ठावीस आणि डबलसीटला बत्तीसच्या आसपास लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. हवा गार टायरवर, सकाळीच मोजायची. तापमान पाच-सहा अंश वाढलं की दाब साधारण एक पौंड चढतो, त्यामुळे परभणीच्या मे महिन्यातल्या दुपारी घेतलेलं माप फसवतं. मागचा टायर १३०/९०-१५ आहे, म्हणजे त्याची भिंत ११७ मिलीमीटर उंच. शॉकअपची चाल ९०! बारीक धक्के पिण्याचं बरंचसं काम ही भिंतच करते. टायर जुना होऊन रबर कडक झालं तर नवे शॉकअपही काही करू शकत नाहीत. भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१७ असेल तर २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर बदलाच्या खर्चात धरून भाव करा.

मग मागचे शॉकअप. रॉडवर तेलाचा ओघळ किंवा गंज दिसला तर प्रश्न मिटला. बदला, आणि जोडीनेच. कोरडे असतील तर सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदाच थांबली तर दमन, म्हणजे उसळी आवरणं, ठीक. दोन-तीन वेळा डुलली तर आतलं तेल संपलेलं. असे शॉकअप उभ्या गाडीवर मऊ वाटतात आणि सलग खड्ड्यांत उसळ्या मारतात.

शॉकअपची स्प्रिंग कमी-जास्त दाबणाऱ्या खालच्या कॉलरच्या (फिरत्या कड्याच्या) पाच खाचांबद्दल गैरसमज फार. खाच वाढवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, ती आधीच दाबून बसते, एवढंच. आधीचा मालक डबलसीट वापरणारा असेल तर कॉलर पाचवीवर असते आणि एकट्याला गाडी ठोकळ्यासारखी लागते. उलट पहिलीवर ठेवून मागे माणूस आणि खताची गोणी घेतली तर चाल संपून स्पीडब्रेकरवर ठक्क आवाज येतो. लोक त्यालाही "शॉकअप कडक" म्हणतात! मोजायला टेप पुरे. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या, मग गाडीवर बसून तेच दुसऱ्याला घ्यायला लावा. फरक २५ ते ३० मिलीमीटर यायला हवा. कमी आला तर कॉलर सी-पान्याने (कडं फिरवायच्या वाकड्या पान्याने) उतरवा, जास्त आला तर चढवा, दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर.

दणका मनगटात बसत असेल तर फोर्क बघा. चकचकीत नळीवर सीलला (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याला) टेकवून एक केबल टाय हलकेच बांधा आणि दोन-तीन जोरदार स्पीडब्रेकर घ्या. टाय जेमतेम पन्नास-साठ मिलीमीटर सरकला तर फोर्क अडकतोय. नेहमीचं कारण म्हणजे सील बदलताना फोर्क ऑईलऐवजी उरलेलं इंजिन ऑईल ओतलेलं असतं. ते जाड तेल बारीक भोकांतून वेळेत सरकत नाही, त्यामुळे छोटा खड्डाही हातात येतो. प्रमाणापेक्षा जास्त तेल भरलं तर वरची हवेची जागा कमी होते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क दगड होतो. दोन्ही नळ्या रिकाम्या करून, योग्य ग्रेडचं तेल मोजून, दोन्हीत सारखं भरायला सांगा. अंदाजाने नको. तेल ठीक असूनही अडकत असेल तर पुढचं चाक बसवताना फोर्कचे दोन्ही पाय वाकडे आवळलेले असतात: ॲक्सल ढिला करून फोर्क चार-पाचदा दाबा, मग आवळा. नळीच वाकलेली असेल तर मात्र गाडी अपघातातली. सौदा सोडलेला बरा.

कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी हाताचे) बुश लोक विसरतात. पुढचं चाक उचलून फोर्कची टोकं पुढेमागे ओढा. टक लागली, म्हणजे खेळ जाणवला, किंवा हँडल मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोन सेट गेला. मागचा टायर धरून आडवा हलवा. खेळ असेल तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग. शॉकअपच्या वरच्या डोळ्यातला रबर बुश तर पाच मिनिटांत दिसतो, आणि तो फाटला की लोखंडावर लोखंड वाजतं.

वाळूजला बजाजचा कारखाना आणि शॉकअप बनवणाऱ्या एन्ड्युरन्सचं मुख्यालयही आहे. मराठवाड्यात या गाडीच्या भागांसाठी अडत नाही.

छत्रपती संभाजीनगर–जालना, लातूर–नांदेड असा डांबरी प्रवास असेल तर ही गाडी जरूर घ्या. रोज शेतरस्ता, त्यातही हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी खणलेला, असेल तर वरचं सगळं दुरुस्त करूनही पाठ बोलणारच. आणि सौदा पक्का करण्याआधी सीट अंगठ्याने खोल दाबा: तळाची पाटी हाताला लागली तर फोम मेलेला आहे, आणि तो बदलणं गॅस शॉकअपपेक्षा स्वस्त पडतं.